‘एवढ्याशासाठी कशाला जायचं?’ : थेरपी घ्यावी की नाही, हे ठरवताना

बाबा जाऊन चार महिने झाले होते. कोथरूडहून डेक्कनकडे जाणारी बस नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकली आणि अचानक माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं की आता आपलं काही खरं नाही, असं वाटलं. हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, आजूबाजूची माणसं लांब गेल्यासारखी. मी मध्येच उतरले आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल निघाला. पुढच्या तीन आठवड्यांत हे आणखी दोनदा झालं, आणि मी बस सोडली. मग सिनेमाला जाणं सोडलं, मग मंडईतली गर्दी.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘एवढ्याशासाठी कशाला जायचं?’ वडील तर सगळ्यांचेच जातात. मावशीने नवऱ्यामागे दोन मुलं एकटीने वाढवली, ती कुठे कुणाकडे गेली होती? या एका वाक्यापायी माझे सात महिने गेले. पुढे कळलं की जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य म्हणतो. आपण दुःखाच्या कारणाचं वजन करतो, ते दुसऱ्याच्या कारणाशेजारी तागडीत ठेवतो आणि हलकं भरलं की गप्प बसतो. माझं सांगणं इतकंच आहे, की कारण किती मोठं हे मोजू नका. त्याने तुमच्या दिवसातलं काय काय काढून घेतलं, ते मोजा. सगळा निर्णय त्यावर करता येतो. कसा, ते पायरीपायरीने सांगते.

सगळ्यात आधी

जीव नकोसा झाला असेल, मरणाचे विचार येत असतील, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर पुढचं नंतर वाचा. १४४१६ वर आत्ता फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ लावा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवा. आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो.

पोलिसांच्या भीतीने कुणी रुग्णालयात जायचं टाळू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी आहे.

पायरी पहिली : दोन आठवडे वही

साधी वही घ्या. रोज रात्री पाच ओळी लिहा : झोप किती आणि कशी, जेवण, काम, माणसं, आणि आज मी काय टाळलं. कारणं लिहू नका, विश्लेषण करू नका. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती : ‘तीन वाजता जाग, मग नाही. डबा परत आणला. एक फाइल दोनदा तपासली तरी चूक. आईचा फोन घेतला नाही. लक्ष्मी रोडला जायचं टाळलं.’ एका दिवसाची नोंद किरकोळ वाटते. चौदा नोंदी एकाखाली एक वाचल्या, तेव्हा मला माझं घर आतून रिकामं होताना दिसलं.

दोन आठवडेच का? कारण नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही किमान दोन आठवड्यांची सलग लक्षणं बघतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. तीही गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञाला भेटणं योग्य. ती मराठीत मिळते, घरी भरता येते. पण ती निदान करत नाही. ताप आहे एवढं थर्मामीटर सांगतो, कशाचा ते सांगत नाही, तसंच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरजेकडे न बघता कुणाशी तरी बोला.

दोन आठवड्यांनंतर वही वाचताना मी पुढच्या खुणा शोधायला सांगेन. झोप, भूक, काम, नाती यांपैकी दोन ठिकाणी तरी सलग पडझड. टाळण्याची यादी वाढत चालली आहे. झोप यावी किंवा दिवस ढकलावा म्हणून दारू किंवा गोळ्या लागायला लागल्या आहेत. किंवा तेच भांडण त्याच शब्दांत, त्याच माणसाशी, तिसऱ्यांदा. यातली एकही गोष्ट ठळक दिसली तर एकदा भेटून यावं.

आणि यातलं काही दिसलं नाही तर? मग कदाचित थेरपीची गरज नाही. हेही मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. दुःख हा आजार नाही. सदाशिव पेठेत खोली घेऊन तीन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, मुख्य परीक्षेत चार गुणांनी गेलं, तर मुलगा आठ दिवस अंथरुणात तोंड खुपसून पडणारच. तो नवव्या दिवशी मित्राबरोबर चहाला बाहेर पडला, पुढच्या जाहिरातीबद्दल बोलायला लागला, तर त्याला मित्रच पुरेसा आहे. दोन महिने झाले तरी तो खोलीचं दार उघडत नसेल, घरचे फोन घेत नसेल, तर मित्राने त्याला सोबत घेऊन जावं.

पायरी दुसरी : आधी शरीर तपासा

ही पायरी गाळू नका. थायरॉइड मंदावला तर माणूस सुस्त आणि उदास होतो. जास्त चालला तर धडधड, घाम, बेचैनी. रक्तात लोह कमी, बी-१२ कमी, साखरेची गडबड, काही औषधांचे परिणाम, हे सगळं मनाच्या आजारासारखं दिसू शकतं. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते. फॅमिली डॉक्टरांना वही दाखवा आणि कुठल्या तपासण्या करायच्या ते त्यांना ठरवू द्या. छातीत दुखणं किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल तर ‘टेन्शनचं असेल’ म्हणून घरी बसू नका. ईसीजी आधी, मन नंतर.

पायरी तिसरी : त्या खोलीत नेमकं काय होतं?

इथे जरा थांबूया, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. थेरपी म्हणजे सल्ला, असं आपल्याला वाटतं. सल्ल्याची आपल्याकडे काय कमी आहे? बाबा गेल्यावर मला किमान तीस जणांनी सल्ला दिला. मन रमव, आईकडे बघ, रोज चाल, नामस्मरण कर. एकही सल्ला वाईट नव्हता, पण सहा नंबरची बस आली की यातला एकही कामाला येत नव्हता. थेरपिस्ट सल्ला देत बसत नाही. तुमच्या मनात जे घडतं ते कसं घडतं, हे तुमच्यासोबत बसून उलगडतो आणि त्यात बदल करायचा सराव करून घेतो.

‘बोलून बरं करणं’ ही कल्पना जुनी आहे. १८८० च्या सुमाराला व्हिएन्नात योझेफ ब्रॉयर या डॉक्टरांची एक तरुण रुग्ण मनातलं सगळं बोलून दाखवत असे. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिलं. त्यातून फ्रॉइडचं मनोविश्लेषण, म्हणजे मनात खोल दबलेलं बोलण्यातून शोधण्याची पद्धत, उभं राहिलं. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. म्हणजे हे काल-परवाचं खूळ नाही. आज मात्र बहुतेक ठिकाणी कोचावर पडून बालपण आठवायला सांगत नाहीत. दोन खुर्च्या असतात, पाण्याचा ग्लास, कागदी रुमालांचा डबा आणि पन्नास मिनिटं.

सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणं बदलायचा सराव करून घेणारी. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती विकसित केली. माझ्या बसच्या प्रसंगावर ती कशी लागू झाली ते सांगते, म्हणजे तिचं काम कळेल.

भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या येतात आणि गरगरतं. इथवर सगळं निरुपद्रवी आहे. पण मी त्या मुंग्यांचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला. त्या विचाराने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, धडधडीने विचार पक्का झाला. हे चक्र सहसा दहा-एक मिनिटांत शिगेला पोचतं आणि ओसरतं. पण मी त्याआधीच उतरले. बरं वाटलं. आणि माझ्या मेंदूने धडा घेतला, ‘उतरलीस म्हणून वाचलीस.’ मी जितकं टाळत गेले, तितका हा धडा पक्का होत गेला.

मग थेरपीत काय केलं? पहिल्यांदा हे चक्र कागदावर काढलं. मग तिथेच, त्या खोलीत, मला एक मिनिट मुद्दाम भरभर श्वास घ्यायला सांगितलं. त्याच मुंग्या, तीच गरगर, आणि काहीही झालं नाही. (दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर हा प्रयोग करत नाहीत. घरी एकट्याने करू नका.) मग पायऱ्या ठरल्या : दुपारी रिकाम्या बसमध्ये दोन थांबे, मग चार, मग संध्याकाळी गर्दीत. प्रत्येक वेळी भीती शंभरपैकी किती ते लिहायचं आणि ती उतरेपर्यंत बसमध्येच बसून राहायचं. पहिल्या दिवशी नव्वद होती. पाचव्या आठवड्यात तीस. नळ स्टॉपचा सिग्नल मी त्या दिवशी डोळे उघडे ठेवून ओलांडला.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, यातही तत्त्व हेच. सारखे हात धुणाऱ्याने दाराची कडी धरायची आणि हात न धुता थांबायचं. आधी पाच मिनिटं, मग वीस. न धुताही भीती उतरते, हे मनाला अनुभवाने कळतं. समजावून सांगून ते कळत नाही. घरच्यांनी शंभरदा समजावलेलं असतंच.

दुसरी पद्धत आपल्याकडे मराठीत चांगली रुजली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली आरईबीटी, मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे आणण्यासाठी अनेक दशकं काम केलं. एलिस म्हणतात, घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो. मला वाटतं, हे मराठीत समजणं सोपं आहे, कारण आपल्याकडे त्या हट्टाला एक अक्षरच आहे : ‘च’. ‘मुलाला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत.’ ‘सासूबाईंनी मला मानलंच पाहिजे.’ ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ तो ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून बघा. इच्छा तशीच राहते, पण गळ्याभोवतीचा फास सैल होतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धत वेगळी. तिथे थेरपिस्ट कमी बोलतो, काहीही न जोखता ऐकतो आणि तुमचंच म्हणणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल असं परत देतो. पुण्यातले बरेच समुपदेशक याच्या पायावर काम करतात. शोकात, घटस्फोटात, ‘मला नक्की काय हवंय’ या गोंधळात ती फार उपयोगी पडते. मानसगतिकी पद्धतीत जुन्या नात्यांचे ठसे आजच्या नात्यांत कसे उमटतात ते पाहतात. तिला वेळ लागतो. अपघात, अत्याचार यांच्या आठवणी पुन्हापुन्हा अंगावर येत असतील तर अशा आघातांवर केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवणींवर काम करण्याची पद्धत) शिकलेला माणूस शोधावा, कुणीही चालणार नाही.

नैराश्यासाठी एक साधी पद्धत आहे : आधी कृती, मग मूड. बरं वाटलं की फिरायला जाईन, असं न म्हणता ठरलेल्या वेळी दहा मिनिटं फिरायचं. वाटणं मागून येतं. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच उपचार, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून देऊन पाहिला गेला. सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही फरक पडला. ते संशोधन २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘हे सगळं इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंतांचं’ असं मला अनेकांनी ऐकवलं आहे.

पायरी चौथी : नुसतं बोलणं पुरणार नाही, तेव्हा

कानात आवाज येत असतील, कुणी पाठलाग करतंय, जेवणात विष घालतंय अशी पक्की खात्री वाटत असेल. झोप न घेता दिवसच्या दिवस प्रचंड उत्साह, उधळपट्टी, बडबड चालू असेल. किंवा नैराश्य इतकं की खाणं, अंघोळ, अंथरुणातून उठणंही बंद. अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. थेरपी औषधांच्या जोडीने, नंतर.

रोज दारू लागत असेल तर ती घरच्या घरी एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणं, फिट्स, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख लागते. पुण्यात येरवडा भागातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे.

घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोने एकत्र समुपदेशनाला जाणं धोक्याचं असू शकतं. तिथे खरं बोललेलं घरी आल्यावर महागात पडतं. बाईने एकटीने जावं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात नारी समता मंचाचं ‘बोलते व्हा’ केंद्र आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या मनाने एकदम बंद करू नयेत. झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. त्या सांगितल्या तेवढे दिवसच घ्याव्या. सौम्य ते मध्यम नैराश्यात थेरपी आणि गोळ्या यांचा गुण साधारण सारखाच येतो. तीव्र असेल तर दोन्ही एकत्र चांगलं.

पायरी पाचवी : पाटी नीट वाचा

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रातली पदवी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. औषधं तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रात विशेष प्रशिक्षण घेतलेला असतो आणि त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. समुपदेशक सहसा मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए किंवा एमएसडब्ल्यू असतो. पण ‘समुपदेशक’ अशी पाटी आठवड्याच्या कोर्सवरही लावलेली दिसते. म्हणून शिक्षण कुठलं, किती वर्षांचं, आणि कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलंय का, हे विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

पायरी सहावी : कुठे आणि किती पैशांत

पैसे नसतील तर ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, दिवस मोकळा ठेवा. गर्दीमुळे तिथे दर आठवड्याला पन्नास मिनिटं मिळतील असं धरू नका, पण निदान आणि औषधं नीट होतात. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. ‘येरवड्याला पाठवू’ ही पुण्यातली जुनी टिंगल आहे. ती अजूनही करणाऱ्यांनी एकदा तिथल्या बाकावर मुलाचा हात धरून बसलेली आई बघावी. औंधचं जिल्हा रुग्णालय पिंपरी-चिंचवडकडच्यांना जवळ पडतं.

मुलांचा अभ्यास, वागणूक, करिअरचा गोंधळ असेल तर सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचा मानसशास्त्र विभाग अनेक वर्षं चाचण्या आणि समुपदेशन करतो. नुसतं कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटत असेल तर पुण्यातल्या ‘कनेक्टिंग’ संस्थेचे स्वयंसेवक फोनवर ऐकतात. सल्ला देत नाहीत, हेच त्यांचं बळ. पण ती थेरपी नाही, एवढं लक्षात ठेवा. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना काही मोफत सेशन्स देतात. एचआरच्या पोर्टलवर बघा, आणि माहिती कंपनीकडे कुठल्या रूपात जाते ते आधी विचारून घ्या.

खासगीत एका सेशनचे आठशे-हजारापासून अडीच-तीन हजारांपर्यंत पडतात. सीबीटीला सहसा सहा ते वीस सेशन्स लागतात. दीड हजाराने बारा सेशन्स धरली तर अठरा हजार, तीन महिन्यांत. हा आकडा आधीच मांडून बघा, कारण सहाव्या सेशनला पैसे संपले म्हणून अर्ध्यावर सोडणं फार त्रासाचं होतं. कमी फीची सोय आहे का, पंधरा दिवसांतून एकदा चालेल का, हे विचारता येतं. आरोग्यविम्यात मानसिक आजार धरावेच लागतात, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं, कव्हर असेल तरच सेशनची पावती चालते का, ते पाहावं.

पायरी सातवी : फोन

फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता, म्हणून मी वाक्य लिहून ठेवलं होतं. तेच देते : ‘नमस्कार. मला गेले काही महिने गर्दीत घाबरायला होतं, झोप लागत नाही. शरीराच्या तपासण्या झाल्या आहेत. अशा त्रासावर तुम्ही काम करता का? कुठल्या पद्धतीने? फी किती, आणि सेशन रद्द करायचं झालं तर किती आधी कळवायचं?’ एवढं पुरे. सगळी कहाणी फोनवर सांगू नका. मराठीत बोलायचं असेल तर तेही विचारा. रडताना भाषांतर करत बसावं लागू नये.

पायरी आठवी : पहिलं सेशन

वही, तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची नावं न्या. पहिल्या भेटीत प्रश्न खूप असतात : घर, झोप, आजारपणं, मरणाचे विचार. हे विचार येतात असं सांगितलं की लगेच कोंडून ठेवतात, असं नाही. नीट सांगितलंत तर मदत नीट होते.

तुम्ही बोललेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद मोजके, आणि ते थेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगायला हवेत : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि मुलावरचा लैंगिक अत्याचार. तो कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. आई-वडिलांनी, नवऱ्याने किंवा ऑफिसने फोन करून विचारलं तरी तुमच्या संमतीशिवाय काही सांगितलं जाऊ नये.

पहिल्या एक-दोन सेशननंतर थकल्यासारखं, कधी आधीपेक्षा वाईटही वाटतं. जुनी पेटी उघडल्यावर धूळ उडतेच. त्यानंतर लगेच मीटिंग ठेवू नका. मी सेशन संपल्यावर एकटी अर्धा तास कमला नेहरू पार्कात बसून मग घरी जायचे.

पायरी नववी : चार सेशन्स, मग हिशोब

‘थेरपी घ्यायची का’ हा प्रश्न आयुष्यभराचा वाटतो, म्हणून जड होतो. तो लहान करा. चार सेशन्सची कबुली द्या. चौथ्यानंतर वही पुन्हा उघडा आणि थेरपिस्टसमोरच विचारा : आपण कशावर काम करतोय, आणि ते पुढे सरकतंय हे कशावरून कळेल? चार भेटींत माणूस बरा होत नाही, पण दिशा आहे की नाही ते कळतं. आणि या माणसापुढे खरं बोलता येतंय का, हेही. संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे की पद्धत कुठलीही असो, या नात्याच्या बळावर बरंच अवलंबून असतं.

मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेले त्यांनी तिसऱ्या भेटीत मला सांगितलं, ‘लग्न झालं असतं तर एवढा विचार केला नसतात.’ मी पुन्हा गेले नाही, आणि दोन महिने कुणाकडेच गेले नाही. माझी चूक ती दुसरी. एक समुपदेशक जुळला नाही याचा अर्थ उपचार जुळत नाही असा होत नाही. जातीवरून, लग्नावरून, लैंगिकतेवरून तुम्हाला जोखलं जात असेल, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी तुम्हाला सांगितल्या जात असतील, ‘गोळ्या फेकून द्या’ किंवा ‘इतक्या दिवसांत खात्रीने बरं करतो’ असं म्हटलं जात असेल, तर उठा. आणि कुणी अंगचटीला येत असेल, बाहेर भेटायला बोलावत असेल, तर सेशन पूर्ण होण्याचीही वाट बघू नका. नुसतं अवघड वाटत असेल, राग येत असेल, तर मात्र सोडण्याआधी ते त्यांनाच सांगून बघा. त्यातूनच कधी कधी गाठ सुटते.

पायरी दहावी : घरी सांगायचं?

सांगायलाच हवं असं नाही. मी आईला दोन महिन्यांनी सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, मला सांगायचंस ना. बाहेरच्या माणसाला कशाला?’ मी म्हटलं, ‘आई, तुला सांगितलं की तू रडतेस आणि मग मी गप्प बसते. तिथे मला पूर्ण वाक्य बोलता येतं.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर विचारलं, ‘ते बाबांबद्दल विचारतात का?’

घरचं दुसरं कुणी जावं असं तुम्हाला वाटत असेल तर ‘तुला गरज आहे’ असं म्हणू नका. तुम्हाला जे दिसतं ते सांगा : ‘दादा, तू महिनाभर जेवायला बाहेर येत नाहीस. मी फोन लावते, पहिल्यांदा मी बाहेर बसते.’ थोरल्यांना ‘झोपेसाठी दाखवू’ हे पचायला सोपं जातं, आणि झोपेपासून सुरुवात करणं खोटंही नसतं.

थांबताना

मी एकूण चौदा सेशन्स केली. त्यातली शेवटची दोन सेशन्स एकेका महिन्याच्या अंतराने. शेवटच्या भेटीत आम्ही एका कागदावर लिहिलं, माझा त्रास परत येताना आधी काय दिसतं : सलग तीन रात्री तीनला जाग येणं, डबा परत येणं, आईचा फोन न घेणं. खाली लिहिलं, तेव्हा काय करायचं : वही सुरू, बस सोडायची नाही, दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर एक सेशन. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. गेल्या पावसाळ्यात बाबांच्या श्राद्धाच्या आसपास त्यातल्या दोन गोष्टी दिसल्या, तेव्हा मी फोन लावला आणि पुढच्या गुरुवारची वेळ घेतली.